भाऊसाहेबांचा जमाखर्च

मराठीत पानिपत हे गावाचे नाव राहिलेले नाही, ती एक क्रिया झाली आहे. निवडणुकीत उमेदवाराचे पानिपत होते, सामन्यात संघाचे होते, बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला वर्गाचे होते. 'विश्वास पानिपतात गेला' ही कोटी ज्याला पेशव्यांची वंशावळ ठाऊक नाही तोही करतो. 'संक्रांत कोसळली' म्हटले की १४ जानेवारी १७६१ आठवणारेही पुष्कळ आहेत. हा संबंध मात्र जुळत नाही. आपली संक्रांत नक्षत्रांवर चालते आणि इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हिशेब उलटा लावला तर त्या वर्षीची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. लढाई झाली ती पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी.

या सगळ्या भाषिक वारशात सेनापती कुठे आहे? विश्वासरावांना कोटी मिळाली, दत्ताजी शिंद्यांना बुराडी घाटावरचे अमर वाक्य मिळाले, सदाशिवराव भाऊंना पुण्यात एक पेठ मिळाली. बाकी त्यांच्या वाट्याला आला तो एक प्रश्न: चूक कोणाची? आमच्या पनवेलच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर १४ जानेवारीला हा प्रश्न न चुकता येतो. सकाळी अभिवादनाचा फोटो, दुपारी मल्हाररावांवर शिव्या, संध्याकाळी मल्हाररावांच्या बाजूने उत्तर आणि रात्री कोणीतरी ग्रुप सोडून जातो. गंमत अशी की भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक आपापली बाजू पुस्तकांतूनच घेतात, आणि ती पुस्तकेही गेली अडीचशे वर्षे हेच भांडण भांडत आहेत. म्हणून इथे लढाईबद्दल थोडे कमी आणि त्या लिखाणाबद्दल जास्त बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की भाऊसाहेबांवरच्या आपल्या बहुतेक लेखनाने एका कारभारी माणसाचे स्वभावचित्र केले आणि त्या स्वभावालाच पराभवाचे कारण ठरवले. त्यामुळे भाऊंवर अन्याय झाला असे कोणी म्हणेल; मला वाटते त्याहून मोठा तोटा आपला झाला.

कारभारी

भाऊंचे चरित्र बहुतेकांना मार्च १७६० पासून माहीत असते, म्हणजे शेवटचे दहा महिने. त्याआधीची तीस वर्षे एका परिच्छेदात उरकतात. तो परिच्छेद जरा सावकाश वाचण्यासारखा आहे.

जन्म १७३०चा. चिमाजी आप्पांचा मुलगा. आई रखमाबाई जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. वसई जिंकल्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर १७४०मध्ये वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. आजी राधाबाईंनी वाढवले आणि रामचंद्रबाबा शेणवी यांच्या हाताखाली साताऱ्याच्या राजकारणाचे आणि कारभाराचे धडे मिळाले. सोळाव्या वर्षी महादोबा पुरंदऱ्यांबरोबर कर्नाटकात पहिली स्वारी. १७५०मध्ये सांगोल्याला यमाजी शिवदेवाचे बंड मोडले आणि तिथेच छत्रपती रामराजांशी जो करार झाला, त्यातून राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडे सरकला. लगेच घरात वाद. भाऊंना दिवाणगिरी हवी होती, नानासाहेब तयार नव्हते, आणि कोल्हापूरकरांनी भाऊंना आपल्याकडची पेशवाई देऊ केली. घर फुटते की काय अशी वेळ आली तेव्हा महादोबा पुरंदऱ्यांनी आपली जागा सोडली आणि भाऊ पुण्याचे कारभारी झाले.

पुढची आठ-नऊ वर्षे हा माणूस मुख्यतः दफ्तरात बसलेला आहे. वसूल किती आला, कर्ज किती झाले, कोणत्या सरदाराकडे किती थकले, हे पाहणारा. १७५९मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांकडे आला तोही किल्लेदाराशी बोलणी करून. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला निजामाविरुद्ध जे यश मिळाले त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, शिस्तीचे पायदळ होते, आणि तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख पदरात पडला. उदगीरची लढाई म्हणून आठवण राहते, पण ती वसुलीचीही मोठी नोंद आहे.

मग उत्तरेला भाऊ का? ग्रँट डफ सांगतो की राघोबादादा उत्तरेच्या स्वारीवरून खजिन्याऐवजी कर्ज घेऊन परतले, भाऊंनी त्यावर नाराजी दाखवली आणि दादांनी चिडून, पुढची स्वारी तुम्हीच करा, असे सुनावले. ही गोष्ट डफच्या पुस्तकातून मराठीत आली ती भावाभावांतला खटका म्हणून. मला तिच्यात नेमणुकीचे कारण दिसते. दादांच्या स्वारीत अटकेपर्यंत झेंडे गेले होते, पण हिशेब तोट्यात होता. पुण्याला आता उत्तरेत पराक्रमी माणसाइतकाच जमाखर्च जुळवणारा माणूस हवा होता. भाऊ निघाले ते तलवार आणि चोपडी दोन्ही घेऊन.

तंबूत कोण होते?

भाऊंच्या स्वभावावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन जुन्या लेखनांकडे जातो. एक काशीराज शिवदेव याचा फारसी वृत्तांत, दुसरी भाऊसाहेबांची बखर.

काशीराज मराठी ब्राह्मण, पण नोकरी अयोध्येच्या शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे लढाईच्या दिवशी तो अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता. तहाच्या बोलण्यांत त्याचा हात होता, लढाईनंतर प्रेते ओळखण्यातही होता. त्याने १७८०मध्ये हे लिहिले आणि पुढे जेम्स ब्राउनचे इंग्रजी भाषांतर छापून आले. जे काशीराजने पाहिले ते त्याने फार चांगले लिहिले आहे. भाऊंची शेवटची चिठ्ठी त्यालाच आली होती आणि ती वाचताना आजही घशाशी येते. पण भाऊ गर्विष्ठ, म्हाताऱ्या मल्हाररावांचा आणि सूरजमल जाटाचा सल्ला त्यांनी झिडकारला, जड सामान आणि बायकामाणसे मागे ठेवून हलक्या फौजेने लढा असे सांगितले तरी ऐकले नाही, हा जो प्रसिद्ध प्रसंग आहे, तो भाऊंच्या तंबूतला आहे. त्या तंबूत काशीराज नव्हता. त्याच्यापर्यंत आलेली ती वदंता आहे आणि तीही वीस वर्षे मुरलेली.

बखरीचे तसेच, फक्त उलट बाजूने. कृष्णाजी शामराव याच्या नावावर ही बखर सांगितली जाते. तिचे गद्य मराठीतले सर्वांत जिवंत गद्य आहे असे मला वाटते. शिंद्यांच्या मृत्यूची पाने वाचून झाल्यावर पुढचे पान लगेच उलटवत नाही. हीच बखर मल्हाररावांच्या तोंडी तो सल्ला घालते की नजीबखानाला पुरता बुडवू नका, तो शिल्लक राहिला तरच पेशव्यांना आपली गरज राहील. मल्हाररावांवरचा पुढचा सगळा खटला या संवादावर उभा आहे. हाही संवाद बंद दाराआडचा, आणि बखरकार तिथे हजर असल्याचा काही पुरावा नाही.

म्हणजे भाऊ दोषी ठरले ते एका तंबूतल्या संवादावर आणि मल्हारराव दोषी ठरले ते दुसऱ्या. दोन्ही संवाद नाट्यपूर्ण आहेत, दोन्हींत माणसे आपापल्या स्वभावाला शोभेल असे बोलतात. आणि नेमके म्हणूनच त्यांच्याकडे संशयाने पाहायला हवे. पराभव झाल्यानंतर त्याला शोभेलसा स्वभाव मागे जाऊन रचता येतो. जिंकले असते तर हाच गर्व 'करारीपणा' म्हणून नोंदला गेला असता.

एक घटना घेऊन पाहा. ऑगस्ट १७६०च्या सुरुवातीला दिल्लीचा किल्ला हाती आल्यावर भाऊंनी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडली. जुन्या वृत्तांतात ही उद्धटपणाची खूण आहे: बादशाही वास्तूचा मान राखला नाही, सूरजमल रुसून गेला. नंतरच्या देशभक्त लेखनात तीच घटना नाइलाजाने केलेला त्याग होते. आकडा दोघेही देतात, पण त्यापाशी थांबत नाहीत. चांदी निघाली ती नऊ लाखांच्या आसपासची. एवढ्या मोठ्या फौजेला, तिच्या घोड्यांना आणि बैलांना ती किती दिवस पुरणार? ज्या माणसाने दहा वर्षे पुण्याचे हिशेब पाहिले त्याला हे छत काढण्याआधीच ठाऊक असणार. तरीही काढले. या कृतीत मला ना गर्व दिसतो ना त्याग. मला दिसते ती तिजोरी.

राजवाडे, शेजवलकर

१८९८ साली वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पानिपतावरचे लेखन कायमचे बदलले. राजवाडे आमच्या बाजूचे, पेणजवळच्या वरसईत जन्मलेले. या खंडात भाऊंच्या मोहिमेची अस्सल पत्रे प्रथमच एका जागी वाचायला मिळाली. गोविंदपंत बुंदेल्यांना भाऊ पुन्हा पुन्हा लिहितात: पैसा पाठवा, नावा जमवा, अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडा. पत्रांचा सूर गर्विष्ठ माणसाचा नाही. थकबाकीदाराला तिसरी आठवण पाठवणाऱ्या माणसाचा आहे.

पण राजवाड्यांनी या पत्रांचे काय केले? त्यांच्या गाजलेल्या प्रस्तावनेत त्यांनी काशीराजचा खटला उलटवला. भाऊ सुटले, गोविंदपंत आणि मल्हारराव पिंजऱ्यात उभे राहिले. पुरावा नवा होता, न्यायालय जुनेच. गोविंदपंत वृद्ध होते, त्यांचा मुलूख पावसाने आणि शत्रूच्या फौजांनी वेढला होता आणि डिसेंबर १७६०मध्ये रसद तोडण्याच्या त्याच कामावर असताना ते मारले गेले, हे लक्षात घेतले तर ती थकबाकी नुसती बेइमानीची वाटत नाही.

त्र्यं. शं. शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' इंग्रजीत १९४६ला आणि मराठीत १९६१ला आले. या विषयावर एकच पुस्तक वाचायचे असेल तर हे वाचावे. शेजवलकर स्वतः ती भूमी पाहून आले होते आणि त्यांच्या लेखनात नकाशा स्वभावाच्या आधी येतो. यमुनेला पूर नसता आणि भाऊ अंतर्वेदीत उतरले असते तर काय, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात नदीचा प्रश्न म्हणून येतो. लढाई गोलाची होती, म्हणजे बाजारबुणगे आणि बायकामुले मध्ये घेऊन, कडेने फौज लावून, तोफांच्या आधाराने सरकत बाहेर पडायचे, ही त्यांची मांडणी भाऊंच्या शेवटच्या दिवसाला प्रथमच एक हेतू देते. विंचूरकर आणि दमाजी गायकवाड जागा सोडून पुढे धावले आणि इब्राहिमखानाच्या तोफा आपल्याच माणसांमुळे थांबल्या, याला त्यामुळे अर्थ येतो: गोलाची कड तुटली.

शेजवलकरांचेही न्यायालय आहेच. त्यांचा रोख नानासाहेबांवर आहे. पण त्यांचा आरोप वेगळ्या जातीचा आहे आणि तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. तो स्वभावावर नाही, निर्णयांवर आहे. त्याला तारीख आहे. डिसेंबर १७६०मध्ये पानिपतावर उपासमार चालू असताना नानासाहेब पैठणला दुसरे लग्न करत होते. हे चारित्र्याचे लांच्छन म्हणून वाचू नका, वेळापत्रक म्हणून वाचा. मदत कधी निघायला हवी होती आणि कधी निघाली, एवढेच पाहा.

कादंबरीतला भाऊ

विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ला आली तेव्हा ते तिशीच्या आत होते. मी आज अठ्ठावीसचा आहे, आणि या वयाच्या माणसाने एवढा पसारा पेलला याचे मला अजून नवल वाटते. माझ्या पिढीच्या निम्म्या लोकांना इतिहासाची गोडी या कादंबरीने लावली. शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींच्या जागी तिने छावणी दिली: चाऱ्यावाचून पडलेली घोडी, थंडी, महाग होत गेलेले धान्य, उपाशी माणसांची कुजबुज. भुकेची पाने या कादंबरीची सर्वांत थोर पाने आहेत, कारण तिथे लेखक कोणाचीही बाजू घेत नाही. भूक गारद्याला लागते आणि भिक्षुकालाही.

माझी तक्रार नायकाबद्दल आहे. पाटलांनी भाऊंना दोषमुक्त करायचे ठरवले आणि ते इतके चोख केले की भाऊंकडे स्वतःची चूकच उरली नाही. कादंबरीत भाऊ चुकतात तेव्हा त्यांना कोणीतरी चुकवलेले असते. गोपिकाबाईंचा हेवा, होळकरांची नजीबावरची माया, पुण्याची दिरंगाई. नायक जितका उजळतो तितकी भोवतालची माणसे काळवंडतात. वाचताना हे खटकत नाही, कारण गोष्ट धावत असते. पुस्तक मिटल्यावर मात्र लक्षात येते की आपण कारभारी भाऊंना भेटलोच नाही. भेटला तो एक धीरोदात्त वीर, ज्याला कोणीही गोविंदपंताच्या मुलखाची थकबाकी विचारली नसती.

आणि भाऊंच्या खऱ्या चुका तर रोचक आहेत! ऑक्टोबर १७६०मध्ये ते उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेले. १७ तारखेला ते ठाणे घेतले. धान्य मिळाले, दत्ताजींचा शिरच्छेद करणारा कुत्बशाह हाती लागला. आठवड्याभरात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. उतारांवर पुरेसा पहारा नव्हता. हा निर्णय भाऊंचा. तो का झाला असेल? फौज उपाशी होती आणि कुंजपुऱ्यात कोठार होते. भुकेल्या फौजेचा कारभारी आधी कोठाराकडे जातो. म्हणजे जो गुण त्यांना उदगीरपर्यंत घेऊन आला, त्याच गुणाने त्यांची पाठ उघडी पडली. कादंबरीकाराला यापेक्षा चांगला नायक कुठे मिळणार? पण त्यासाठी नायकाला चुकू द्यावे लागते.

२०१९च्या डिसेंबरात आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' चित्रपट आला तेव्हा हाच नियम पडद्यावर दिसला. भाऊ वर गेले आणि या वेळी सूरजमल खाली आला. राजस्थानात जाट समाजाने निदर्शने केली आणि निर्मात्यांना काही दृश्ये कापावी लागली. ज्या सूरजमलने लढाईनंतर आपल्या मुलखात पोहोचलेल्या मराठी निर्वासितांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला, तोच आपल्या चित्रपटात हावरट दिसावा, हे कृतघ्नपणाचे म्हणण्यापेक्षा सवयीचे म्हणावे लागेल. आपल्या नायकाला उचलायला आपल्याला दर वेळी कोणीतरी पायरी म्हणून लागतो.

दुसरी एक कॉन्फेडरसी

इंग्रजी पुस्तकांत आपल्या राज्याला 'मराठा कॉन्फेडरसी' म्हणतात. त्याच नावाचे एक राज्य बरोबर शंभर वर्षांनी, १८६१मध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेत उभे राहिले आणि चार वर्षांत हरले. दोन्ही राज्यांच्या हेतूंची तुलना मला करायची नाही. ती दक्षिण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली. पण हरल्यानंतर तिथे जे लिहिले गेले ते आपल्या ओळखीचे आहे.

जुलै १८६३मध्ये गेटिसबर्गला जनरल रॉबर्ट ली यांनी उघड्या मैदानातून शत्रूच्या मधल्या फळीवर चाल करायचा हुकूम दिला. हाताखालचे जनरल जेम्स लाँगस्ट्रीट यांचा विरोध होता. चाल झाली, फौज कापली गेली. युद्ध संपल्यावर लाँगस्ट्रीट यांनी जिंकणाऱ्यांच्या रिपब्लिकन पक्षात प्रवेश केला आणि १८७४मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या रस्त्यावर गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या सशस्त्र टोळीविरुद्ध ते उभे राहिले. दक्षिणेने त्यांना माफ केले नाही. जुबल अर्ली आणि इतर जुन्या सेनाधिकाऱ्यांनी लिहून, भाषणे करून गेटिसबर्गचा सगळा दोष लाँगस्ट्रीट यांच्या दिरंगाईवर टाकला. ली देवत्वाला पोचले, चौकाचौकात त्यांचे पुतळे उभे राहिले. लाँगस्ट्रीट यांचा पुतळा गेटिसबर्गच्या रणांगणावर उभा राहायला १९९८ साल उजाडले.

या लेखनाला तिकडे 'लॉस्ट कॉज'चे लेखन म्हणतात. सेनापती चुकला की त्याचा दुय्यम सरदार, या वादात दीडशे वर्षे वाचक इतका गुंतला की हे युद्ध कशासाठी होते आणि त्यात चाळीस लाख गुलामांचे काय पणाला लागले होते, हा प्रश्न बाजूला पडला. वाद जितका चविष्ट, तितके झाकण घट्ट. मल्हारराव दुपारी रणांगण सोडून का गेले, यावर आपण घालवलेल्या संध्याकाळी आठवल्या की मला विचारावेसे वाटते: आपल्या वादाखाली काय झाकले गेले आहे?

खुर्दा

उत्तर त्या प्रसिद्ध सावकारी निरोपातच आहे. पराभवाची बातमी नानासाहेबांपर्यंत नाण्यांच्या भाषेत गेली असे सांगतात: मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपये-खुर्दा म्हणजे बाकीचे, ज्यांची गणती नाही. आपण हा निरोप पाठ करतो, त्याच्या कल्पकतेला दाद देतो. पण तो हिशेब म्हणून वाचला तर काय दिसते? मोजता येण्याजोगे लोक मोजले आणि बाकीचे मोडीत काढले. पुढच्या बखरी, प्रस्तावना, कादंबऱ्या आणि चित्रपट यांनी ही वर्गवारी जशीच्या तशी पुढे चालवली. वाद मोत्यांचा आणि मोहरांचा. खुर्द्यावर पुस्तक नाही.

हा खुर्दा कोण होता? काशी-प्रयाग-कुरुक्षेत्राच्या आशेने फौजेबरोबर निघालेले यात्रेकरू, वाणी, लोहार, तेली, पाणके, पोटासाठी आलेले बुणगे आणि त्यांचे कुटुंबकबिले. लढाईनंतर पुरुषांची कत्तल झाली आणि बायकामुलांना गुलाम म्हणून नेले, हे काशीराज डोळ्यांनी पाहून लिहितो. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचा होता. आई आणि बायकोबरोबर छावणीत होता. पळापळीत आई हरवली ती हरवलीच. त्याच्या छोट्याशा आत्मवृत्तात ही गोष्ट येते म्हणून आपल्याला कळते. नाना पुढे मोहर झाला म्हणून. ज्यांचे मुलगे मोहर झाले नाहीत त्या आयांची नोंद कुठे आहे?

आणि इथे भाऊंवर एक प्रश्न उरतो जो गर्वाच्या कथेत विचारताच येत नाही. हा गोतावळा सोडून हलक्या फौजेने लढावे हा सल्ला त्यांनी मानला नाही, यालाच आपण अडीचशे वर्षे त्यांची चूक म्हणतो. पण हजारो माणसांना परमुलखात उघड्यावर टाकून निघून जाणे हा शहाणपणा होता का? की एवढ्या लोकांना नर्मदेपार येऊ दिले तिथेच चूक झाली? पहिला प्रश्न युद्धशास्त्राचा आहे, दुसरा कारभाराचा. पुण्याच्या हिशेबनिसाने फौजेची मोजणी केली असेल तेव्हा या लोकांना कोणत्या खात्यावर लिहिले, हे जाणून घ्यायला मला मल्हाररावांच्या सल्ल्यापेक्षा जास्त आवडेल.

माझ्या धंद्यात मोठा सर्व्हर बंद पडला की नंतर एक अहवाल लिहितात. चांगल्या अहवालाचा नियम असा की त्यात कोणाच्या स्वभावाबद्दल काही लिहायचे नाही. अमुक वाजता काय माहीत होते, कोणता निर्णय झाला, तो त्या वेळी रास्त का वाटला, एवढेच. या पद्धतीत एक लबाडीही शिरू शकते: दोष कोणाचाच नाही म्हणत जबाबदारीही कोणाचीच ठेवायची नाही. म्हणून अहवालात निर्णयासमोर नाव लागतेच. पानिपताच्या अहवालात बागपतच्या उतारासमोर भाऊंचे नाव लागेल, पैठणच्या तारखेसमोर नानासाहेबांचे, आणि स्वतःच्या फौजा, स्वतःचा वसूल असलेल्या सरदारांना एका सेनापतीखाली द्यायचे पण त्याच्या हातात तिजोरी द्यायची नाही, या व्यवस्थेसमोर अनेकांची नावे लागतील. 'गर्व' हा शब्द मात्र कुठेच लागणार नाही.

असे पुस्तक अजून मराठीत झालेले नाही. ना. सं. इनामदारांनी 'शिकस्त'मध्ये पार्वतीबाईंना केंद्रस्थानी आणले तेव्हा त्या दिशेला एक दार उघडले होते. पार्वतीबाई पेणच्या कोल्हटकरांची लेक, म्हणजे पुन्हा आमच्याच बाजूची. पतीचा मृत्यू त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही, बावीस वर्षे सौभाग्यलेणे ल्याल्या. १७७६मध्ये भाऊ म्हणवणाऱ्या तोतयाला देहदंड झाला तेव्हा त्या हयात होत्या. लोक तोतयावर विश्वास ठेवायला तयार झाले याचे कारण भाबडेपणा एवढेच नसावे. ज्यांची माणसे 'गणती नाही' या सदरात गेली होती, त्यांना एक जरी परत आला तरी आपलाही येईल असे वाटले असेल.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत, मोडी लिपीत. मोडी २०१४पासून युनिकोडमध्ये आहे आणि माझ्या ओळखीचे दोघे-तिघे नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मोडीच्या वर्गाला जातात. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी १७६०च्या तंबूतले संवाद शोधायला जाऊ नये. १७५१ ते १७५९चे जमाखर्च काढावेत. सदाशिव चिमणाजी नावाचा माणूस तिथे बसलेला आहे, आणि त्याच्याकडे हिशेब मागायला अजून कोणी गेलेले नाही.